कंपायलर त्याच भाषेत लिहावा का?

मार्च २०२५ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या टाइपस्क्रिप्ट गटाने जाहीर केले की, टाइपस्क्रिप्ट या प्रोग्रॅमिंग भाषेचा कंपायलर, जो तोवर टाइपस्क्रिप्टमध्येच लिहिलेला होता, तो आता गो या वेगळ्याच भाषेत नेला जात आहे. त्याच्या सुमारे दहा वर्षे आधी, ऑगस्ट २०१५ मध्ये, खुद्द गो भाषेने बरोबर उलट्या दिशेने पाऊल टाकले होते. तोवर सी भाषेत लिहिलेला गोचा कंपायलर १.५ या आवृत्तीत गोमध्ये आणला गेला. दोन्ही गटांत कंपायलरच्या क्षेत्रात आयुष्य घालवलेली माणसे होती आणि माझ्या मते दोघांचेही निर्णय योग्य होते. हे कसे, ते समजून घ्यायचे तर आधी कंपायलर आणि भाषा यांचे नाते नीट पाहावे लागेल.

कंपायलर हा भाषांतर करणारा प्रोग्रॅम आहे. प्रोग्रॅमरने लिहिलेला सोर्स कोड तो वाचतो आणि त्यातून प्रोसेसरला थेट चालवता येईल असा मशीन कोड, किंवा दुसऱ्या एखाद्या भाषेतला कोड, तयार करतो. त्यामुळे कोणत्याही कंपायलरच्या बाबतीत तीन भाषांचा विचार वेगवेगळा करावा लागतो. एक, तो जी भाषा वाचतो ती. दुसरी, तो जी भाषा बाहेर टाकतो ती. आणि तिसरी, तो स्वतः ज्या भाषेत लिहिला गेला आहे ती. पहिली आणि तिसरी भाषा एकच असेल तर अशा कंपायलरला सेल्फ-होस्टेड म्हणतात. आपला सगळा प्रश्न या तिसऱ्या भाषेच्या निवडीचा आहे.

या निवडीबद्दल एक गैरसमज फार पसरलेला आहे, तो आधीच दूर केलेला बरा. पायथनसारख्या संथ भाषेत कंपायलर लिहिला तर त्यातून निघणारे प्रोग्रॅमही संथच चालतील, असे अनेकांना वाटते. एक साधे उदाहरण घेऊ. प्रोग्रॅममध्ये एका पूर्णांकाला ८ ने गुणायचे आहे. बरा कंपायलर येथे गुणाकाराची सूचना न देता त्या संख्येचे बिट तीन घरे डावीकडे सरकवण्याची सूचना देतो, कारण बहुतेक प्रोसेसरवर ती सूचना स्वस्त पडते. हा निर्णय घेणारा कोड पायथनमध्ये लिहिलेला असो, सीमध्ये असो की हॅस्केलमध्ये, बाहेर पडणारी सूचना तीच राहते. फरक पडतो तो फक्त निर्णयाप्रत पोहोचायला लागणाऱ्या वेळात, म्हणजे प्रोग्रॅम कंपाइल होण्याच्या वेळात. तयार झालेल्या प्रोग्रॅमच्या वेगाशी कंपायलरच्या लेखनभाषेचा संबंध नसतो.

आता मूळ अडचण. एखाद्या नव्या भाषेचा कंपायलर त्याच भाषेत लिहिला, तर तो कंपाइल कोण करणार? ती भाषा जाणणारा कंपायलर तर अजून अस्तित्वातच नाही. हा स्वतःच्याच खांद्यावर चढून बसण्यासारखा प्रकार वाटतो, पण व्यवहारात ही कोंडी फोडण्याच्या वाटा गेली साठ वर्षे माहीत आहेत आणि त्यांना मिळून बूटस्ट्रॅपिंग म्हणतात. सर्वांत सोपी वाट अशी की, त्या भाषेचा इंटरप्रिटर, म्हणजे कोड आधी भाषांतरित न करता थेट वाचत वाचत चालवणारा प्रोग्रॅम, आधीपासून असेल तर कंपायलर त्या इंटरप्रिटरवर चालवायचा आणि त्याला त्याचाच सोर्स कोड वाचायला द्यायचा. १९६२ मध्ये एमआयटीमध्ये टिम हार्ट आणि माइक लेव्हिन यांनी लिस्पचा कंपायलर याच पद्धतीने उभा केला. दुसरी वाट म्हणजे पहिला कंपायलर दुसऱ्या भाषेत लिहायचा, त्याच्या मदतीने नव्या भाषेतला कंपायलर कंपाइल करायचा आणि मग पहिल्याला निरोप द्यायचा. रस्ट भाषेचा पहिला कंपायलर ओकॅमलमध्ये होता. २०११ मध्ये रस्टमध्ये लिहिलेल्या कंपायलरने स्वतःला कंपाइल केले आणि ओकॅमलमधला कंपायलर बाजूला पडला.

तिसरी वाट कष्टाची आहे, पण ती पास्कलच्या इतिहासात भेटते आणि त्या कथेतून बरेच काही कळते. निकलाउस वीर्ट यांनी झुरिचच्या ईटीएच या संस्थेत पास्कल घडवली, तेव्हा पहिला कंपायलर फोरट्रानमध्ये लिहिण्याचा प्रयत्न झाला होता. तो फसला. कंपायलरला एकमेकांत गुंतलेल्या, वाढत जाणाऱ्या, निरनिराळ्या प्रकारच्या नोंदी स्मृतीत ठेवाव्या लागतात; तेव्हाच्या फोरट्रानकडे मुख्यतः अंकांचे आणि अंकांच्या रांगांचे साहित्य होते, आणि त्यातून कंपायलरची रचना नीट मांडता येईना. मग वीर्ट यांनी कंपायलर थेट पास्कलमध्येच लिहायचा ठरवला, म्हणजे तो चालवणारे यंत्र जगात कोठेही नसताना तो कागदावर पूर्ण लिहिला गेला, आणि नंतर माणसाने बसून तो मजकूर हाताने एका खालच्या पातळीच्या भाषेत उतरवला. त्या हस्तलिखित रूपाने पास्कलमधला मूळ मजकूर कंपाइल केल्यावर हाताने उतरवलेल्या रूपाची गरज संपली. १९७० पर्यंत हा कंपायलर कामाला लागला होता. ज्या भाषेत कंपायलरची रचनाच मांडता येत नव्हती ती सोडून, ज्या भाषेत ती सहज मांडता येते ती निवडली गेली, आणि ती भाषा योगायोगाने पास्कल स्वतःच होती. तिसरी भाषा निवडताना हीच कसोटी पहिल्या स्थानी असावी, असे माझे मत आहे.

एकदा कंपायलर स्वतःला कंपाइल करू लागला की पुढची प्रत्येक आवृत्ती आधीच्या आवृत्तीच्या तयार बायनरीकडून, म्हणजे मशीन कोडच्या फाइलकडून, बनवून घेतली जाते. यात एक सुंदर तपासणी आपोआप मिळते. जीसीसी हा सी भाषेचा प्रसिद्ध कंपायलर संपूर्ण बूटस्ट्रॅपिंग करून बांधला जातो तेव्हा ते काम तीन टप्प्यांत होते. संगणकावर आधीपासून असलेला कोणताही कंपायलर जीसीसीचा सोर्स कोड कंपाइल करतो, त्यातून पहिल्या टप्प्याचा जीसीसी मिळतो. हा पहिला जीसीसी तोच सोर्स कोड पुन्हा कंपाइल करतो, त्यातून दुसरा मिळतो. आणि दुसरा पुन्हा तोच सोर्स कोड कंपाइल करून तिसरा देतो. पहिला आणि दुसरा यांची बायनरी वेगळी असणे स्वाभाविक आहे, कारण त्यांना घडवणारे कंपायलर वेगळे होते. पण पहिला आणि दुसरा हे दोघेही एकाच सोर्स कोडमधून आलेले असल्याने त्यांचे वागणे एकसारखे असले पाहिजे, आणि म्हणून त्यांनी एकाच मजकुरातून घडवलेले दुसरा आणि तिसरा हे बायनरीच्या पातळीवर तंतोतंत जुळले पाहिजेत. बांधणीच्या शेवटी या दोघांची तुलना केली जाते, आणि ते जुळले नाहीत तर कंपायलर कोठेतरी चुकीचा कोड तयार करत आहे हे लगेच उघड होते. लाखो ओळींच्या खऱ्याखुऱ्या प्रोग्रॅमवर, कोणी वेगळी चाचणी न लिहिता, ही परीक्षा होऊन जाते.

सेल्फ-होस्टिंगच्या बाजूचे बाकीचे मुद्देही भक्कम आहेत. भाषा घडवणारी माणसे दिवसभर त्याच भाषेत काम करत असतील, तर तिच्यातली बोचणारी ठिकाणे त्यांना इतरांच्या आधी बोचतात. चुका दाखवणारे संदेश धड नसतील, कंपाइल व्हायला वेळ लागत असेल, एखादी साधी गोष्ट लिहायला दहा ओळी खर्च होत असतील, तर त्याचा त्रास पहिल्यांदा त्यांनाच होतो. भाषा वापरणाऱ्या प्रोग्रॅमरलाही कंपायलरच्या कामात हात घालणे सोपे जाते, कारण त्यासाठी त्याला वेगळी भाषा शिकावी लागत नाही. सी शार्पचा कंपायलर आधी सी प्लस प्लसमध्ये होता; रोझलिन या नावाने तो सी शार्पमध्ये नव्याने लिहिला गेल्यावर त्याचे आतले भाग लायब्ररीसारखे, म्हणजे तयार कोडच्या संचासारखे, इतर साधनांना वापरता येऊ लागले. आणखी एक लाभ असा की, कंपायलर चांगला कोड तयार करायला शिकला की त्याचा पहिला फायदा त्यालाच होतो. पुढच्या बांधणीत तो स्वतःच अधिक वेगाने चालू लागतो. वीर्ट यांनी तर याच गोष्टीचे माप केले होते. कंपायलरला एखादी नवी सुधारणा शिकवली की कंपायलर आकाराने वाढतो आणि त्याला काम जास्त पडते. तरीही त्या सुधारणेमुळे तो स्वतःला आधीपेक्षा लवकर कंपाइल करू शकत असेल तरच ती ठेवायची, एरवी काढून टाकायची. इतके कठोर माप आज फारसे कोणी लावत नाही, आणि आजच्या कंपायलरांचे आकार पाहिले की ते लावायला हवे होते असे वाटून जाते.

पण स्वतःचा कंपायलर ही भाषेची परीक्षा मानली, तर तिची मर्यादाही तितकीच खरी आहे. कंपायलर हा एका विशिष्ट स्वरूपाचा प्रोग्रॅम असतो. तो मजकूर वाचतो, त्याचे झाडासारखे रूप बनवतो, त्या झाडात फेरफार करतो, नावांच्या मोठ्या यादीत शोध घेतो आणि शेवटी फाइल लिहून बंद होतो. नेटवर्कवरून हजारो जोडण्या सांभाळणे, दिवसेंदिवस बंद न पडता चालणे, चित्र पडद्यावर ठरलेल्या वेळेत काढणे, दशांश संख्यांची प्रचंड गणिते करणे, यांपैकी काहीच त्याला करावे लागत नाही. त्यामुळे एखादी भाषा स्वतःचा कंपायलर उत्तम पेलते यावरून ती कंपायलर लिहायला चांगली आहे एवढेच सिद्ध होते. याहून मोठा धोका असा की, भाषेची जडणघडण चालू असताना तिचा सर्वांत मोठा वापरकर्ता तिचा कंपायलरच असेल, तर कंपायलरला जे सोयीचे तेच भाषेत शिरत जाते.

गोच्या गटाने हा धोका ओळखला होता. भाषा नोव्हेंबर २००९ मध्ये जाहीर झाली आणि कंपायलर पुढची जवळपास सहा वर्षे सी भाषेतच राहिला. आरंभापासून सेल्फ-होस्टिंगचा आग्रह न धरल्यामुळे नेटवर्कवरच्या सर्व्हरांसाठी भाषा घडवणे या मूळ हेतूवर लक्ष ठेवता आले, नाहीतर भाषा कदाचित कंपायलर लिहिण्याच्या दिशेने झुकली असती, असे त्या गटानेच नंतर नोंदवून ठेवले आहे. भाषा स्थिरावल्यावर मात्र सीमध्ये राहण्याचे कारण उरले नाही. मग त्यांनी जुना कंपायलर हाताने नव्याने लिहिला नाही. सी कोडचे गो कोडमध्ये रूपांतर करणारे एक साधन तयार केले आणि त्यातून तो यांत्रिक पद्धतीने गोमध्ये आणला. वागणुकीत बदल न होता भाषा बदलावी हा त्यामागचा हेतू होता आणि तो साधलाही, पण असा यंत्राने उतरवलेला कोड गोच्या वळणाचा नव्हता, त्यामुळे १.५ आवृत्तीत कंपाइल होण्याचा वेळ सुमारे दुप्पट झाला आणि तो पुढच्या आवृत्त्यांमध्ये हळूहळू कमी करावा लागला.

आता टाइपस्क्रिप्टकडे वळू. टाइपस्क्रिप्ट ही ब्राउझरमध्ये चालणाऱ्या जावास्क्रिप्टवर प्रकारांची (अंक, मजकूर अशा डेटाच्या जातींची) तपासणी चढवणारी भाषा आहे. तिचा कंपायलर टाइपस्क्रिप्टमध्ये लिहिलेला असला तरी प्रत्यक्षात तो जावास्क्रिप्टच्या इंजिनवर चालत असे. ते इंजिन पडद्यावरच्या घडामोडींना झटपट प्रतिसाद देण्यासाठी घडवलेले आहे. लाखो ओळींमधले प्रकार एकमेकांशी ताडून पाहणे, तेही एकाच सामायिक स्मृतीवर अनेक प्रोसेसर एकाच वेळी लावून, हे काम त्याच्या स्वभावात बसत नाही. गटाने जाहीर केलेल्या आकड्यांनुसार व्हीएस कोड या एडिटरचा सुमारे १५ लाख ओळींचा कोड तपासायला जुन्या कंपायलरला ७७.८ सेकंद लागत होते, तर गोमध्ये नेलेल्या रूपाला ७.५ सेकंद. या फरकाचा एक भाग थेट मशीन कोड चालल्यामुळे मिळाला आणि दुसरा भाग अनेक प्रोसेसर खऱ्या अर्थाने एकत्र वापरता आल्यामुळे. गो निवडण्याचे कारणही व्यवहारी होते. जुन्या कोडची घडण जवळपास तशीच ठेवून तो ओळीमागून ओळ उतरवायचा होता, आणि जुना कोड गृहीत धरतो तशी आपोआप स्मृती मोकळी करणारी व्यवस्था नव्या भाषेतही असणे आवश्यक होते.

यात टाइपस्क्रिप्टने काही गमावले का? भाषा घडवणारेच भाषेत काम करतात हा लाभ निश्चितच कमी झाला. परंतु २०२५ पर्यंत टाइपस्क्रिप्टमध्ये लिहिलेले असंख्य मोठे प्रोग्रॅम जगात होते आणि भाषेतले दोष दाखवायला ते पुरेसे होते. परीक्षा म्हणून कंपायलरचे मोल सर्वांत जास्त असते ते भाषा अगदी कोवळी असताना, कारण तेव्हा त्या भाषेतला तोच एकमेव मोठा प्रोग्रॅम असतो. दुर्दैवाने सेल्फ-होस्टिंगची किंमतही नेमकी त्याच काळात सर्वांत जास्त पडते. भाषा दर आठवड्याला बदलत असेल तर प्रत्येक बदलाबरोबर कंपायलरचा स्वतःचा मजकूरही बदलावा लागतो. या विषयावरच्या बहुतेक वादांमध्ये एक पक्ष फक्त हे मोल पाहतो आणि दुसरा फक्त ही किंमत.

रस्टने ती किंमत पूर्ण मोजली. १.० ही आवृत्ती मे २०१५ मध्ये आली, म्हणजे सेल्फ-होस्टिंग त्याच्या चार वर्षे आधीचे. त्या चार वर्षांत भाषा इतकी बदलली की कंपायलर सतत स्वतःच्याच मागे धावत होता, आणि वाटेत ‘स्नॅपशॉट’ म्हणून जतन केलेल्या शेकडो बायनरींच्या शिड्या चढत तो पुढे गेला. तरीही रस्टच्या बाबतीत मला तो निर्णय चुकीचा वाटत नाही, कारण ब्राउझरच्या इंजिनसारखे मोठे, गुंतागुंतीचे आणि वेगाची निकड असलेले प्रोग्रॅम लिहिणे हेच त्या भाषेचे उद्दिष्ट होते आणि कंपायलर हा त्याच जातीचा प्रोग्रॅम आहे. भाषा ज्या कामासाठी आहे त्याच्याशी कंपायलरचे काम जितके जवळचे, तितका तिचा स्वतःचा कंपायलर हा खरा नमुना ठरतो. हॅस्केलचा जीएचसी हा कंपायलर हॅस्केलमध्येच असणे त्यामुळेच स्वाभाविक वाटते. झाडांसारख्या रचनांवर काम करणे ही त्या भाषेची मूळ हातोटी आहे. उलट एखादी भाषा केवळ सांख्यिकीसाठी किंवा डेटाबेसला प्रश्न विचारण्यासाठी असेल, तर तिचा कंपायलर तिच्यातच लिहिण्याचा हट्ट भाषेला विनाकारण वाकवील.

इंटरप्रिटरच्या भाषांची स्थिती थोडी वेगळी आहे. इंटरप्रिटर स्वतःच्याच भाषेत लिहिला तर तो चालवायला खाली दुसरा इंटरप्रिटर लागतो आणि दोन्हींचा संथपणा एकमेकांत गुणला जातो. म्हणून पायथनचा नेहमीचा इंटरप्रिटर सीमध्ये आहे. पायपाय या पर्यायी अंमलबजावणीने यातून वाट काढली ती आरपायथन नावाचा पायथनचा एक आखूड भाग निश्चित करून. त्या भागात लिहिलेला इंटरप्रिटर सीमध्ये रूपांतरित होऊन मशीन कोड बनतो.

आता सेल्फ-होस्टिंगच्या सर्वांत खोल परिणामाकडे येऊ. कंपायलर स्वतःला पिढ्यान्‌पिढ्या कंपाइल करत राहिला की त्याच्या सोर्स कोडमध्ये कोठेही न लिहिलेली माहिती त्याच्या बायनरीत राहू शकते. युनिक्सचे एक जनक केन थॉम्पसन यांनी याचे एक निरुपद्रवी उदाहरण दिले आहे. सी भाषेत मजकुरात न दिसणारी विशेष चिन्हे लिहिण्यासाठी उलटी तिरपी रेघ आणि तिच्यापुढे एक अक्षर अशी खूण वापरतात. समजा कंपायलरला ‘उभा टॅब’ या चिन्हासाठी रेघ आणि व्ही अशी नवी खूण शिकवायची आहे. कंपायलर सीमध्येच लिहिलेला असल्याने त्याच्या मजकुरात ‘ही खूण दिसली तर ही खूणच परत दे’ असे लिहायला हवे, पण जुन्या बायनरीला ती खूण अजून माहीत नाही, म्हणून ती हा मजकूर स्वीकारणार नाही. मग पहिल्या वेळी ‘ही खूण दिसली तर ११ हा अंक दे’ असे लिहायचे, कारण चिन्हांना क्रमांक देणाऱ्या आस्की संकेतात उभ्या टॅबचा क्रमांक ११ आहे. हा मजकूर कंपाइल करून नवी बायनरी मिळाली की मजकुरातला ११ पुसून तेथे ती खूणच लिहायची. नव्या बायनरीला आता तिचा अर्थ कळतो. यानंतर सोर्स कोडमध्ये ११ हा अंक कोठेच उरत नाही; तो केवळ बायनरीच्या पोटात एका पिढीकडून दुसऱ्या पिढीकडे जात राहतो.

हीच युक्ती वाईट हेतूने वापरली तर काय होईल, हे थॉम्पसन यांनी १९८४ मध्ये छापलेल्या ट्युरिंग पुरस्काराच्या भाषणात दाखवून दिले. कंपायलरमध्ये दोन गुप्त नियम घालायचे. पहिला असा की, लॉगिनचा प्रोग्रॅम कंपाइल होत असेल तर त्यात एक चोरदरवाजा ठेवून द्यायचा. दुसरा असा की, खुद्द कंपायलर कंपाइल होत असेल तर त्यात हे दोन्ही नियम पुन्हा घालायचे. एकदा अशी बायनरी तयार झाली की सोर्स कोडमधून दोन्ही नियम पुसून टाकले तरी चालते. यापुढे स्वच्छ मजकूर कितीही वेळा वाचला, कितीही वेळा कंपाइल केला, तरी चोरदरवाजा कायम राहतो, आणि मजकूर तपासणाऱ्याला काहीही सापडत नाही. हा केवळ कल्पनेचा खेळ नाही, याची चुणूक ऑगस्ट २००९ मध्ये इंड्यूक नावाच्या व्हायरसने दाखवली. तो कंपायलरच्या ऐवजी डेल्फी या प्रोग्रॅम लिहिण्याच्या साधनाच्या जुन्या आवृत्त्यांमधील एका मूलभूत लायब्ररीत शिरत असे, आणि त्या संगणकावर पुढे कंपाइल होणाऱ्या प्रत्येक डेल्फी प्रोग्रॅममध्ये तो आपोआप मिसळला जाई. प्रोग्रॅमरांनी आपला सोर्स कोड स्वच्छ असतानाही बाधित प्रोग्रॅम वाटले.

यावर उपाय आहे आणि तो डेव्हिड व्हीलर यांनी २००५ मध्ये मांडला, नंतर २००९ मध्ये आपल्या प्रबंधात सिद्धतेसह विस्तारला. संशयित कंपायलरचा सोर्स कोड एका पूर्णपणे वेगळ्या, स्वतंत्रपणे लिहिलेल्या कंपायलरने कंपाइल करायचा. जो प्रोग्रॅम मिळेल त्याच्याकडून तोच सोर्स कोड पुन्हा कंपाइल करून घ्यायचा. हे फळ आणि संशयित कंपायलरने स्वतःपासून घडवलेली बायनरी यांची बिटनिहाय तुलना करायची. दोन्ही जुळले, तर बायनरी खरोखर त्याच सोर्स कोडची आहे, मजकुराबाहेरचे तिच्यात काही दडलेले नाही, असा निष्कर्ष काढता येतो. दुसरा कंपायलर अगदी निर्दोष असण्याची गरज नसते. त्याच्यात नेमकी तीच दगलबाजी नसली म्हणजे पुरे. अट एवढीच की एकाच मजकुरातून दर वेळी एकच बायनरी तयार व्हायला हवी, आणि मुख्य म्हणजे तो दुसरा कंपायलर अस्तित्वात असायला हवा.

येथे येऊन सेल्फ-होस्टेड भाषांची खरी परीक्षा होते, कारण ‘अमुक आवृत्ती बांधायला आधीची आवृत्ती लागते’ ही साखळी वाढत गेली की तिच्या मुळाशी फक्त विश्वासावर घेतलेली एक जुनी बायनरी उरते. सोर्स कोडपासून सॉफ्टवेअर बांधणाऱ्या गाइक्स या प्रकल्पाने २०२३ मध्ये ही साखळी सीच्या बाबतीत जवळजवळ तळापर्यंत नेली. आता तेथे ३५७ बाइटच्या एका इवल्याशा प्रोग्रॅमपासून सुरुवात होते, जो माणसाला बसून आकड्याआकड्याने वाचता येतो. त्यातून थोडे मोठे असेम्बलर (नावे देऊन लिहिलेल्या सूचना मशीन कोडमध्ये उतरवणारे प्रोग्रॅम), त्यातून एक साधा सी कंपायलर, त्यातून जुना जीसीसी आणि शेवटी आजचा जीसीसी अशी ती शिडी आहे. मध्ये एक अडखळ आहे ती जीसीसीने स्वतःच घातलेली. २०१३ मधल्या ४.८ आवृत्तीपासून जीसीसी बांधायला सी प्लस प्लसचा कंपायलर लागतो, म्हणून नुसत्या सीच्या आधारावर चढणाऱ्याला ४.८ च्या आधीच्या एखाद्या जुन्या आवृत्तीवर थांबूनच पुढे जावे लागते. हे सारे चालवणारे कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, आणि बांधणीची सूत्रे हलवणारा गाइल इंटरप्रिटर अजून या हिशेबाबाहेर आहेत, हेही सांगितले पाहिजे.

रस्टची साखळी अधिक लांब आहे, कारण दर सहा आठवड्यांनी येणारी प्रत्येक आवृत्ती तिच्या लगतच्या आधीच्या आवृत्तीने बांधली जाते. यावर तोडगा म्हणून एमरस्टसी नावाचा एक स्वतंत्र कंपायलर सी प्लस प्लसमध्ये लिहिला गेला आहे. त्याच्यात स्मृतीचा वापर सुरक्षित आहे का हे पाहणारी रस्टची प्रसिद्ध बॉरो तपासणीच नाही, आणि ही उणीव मुद्दाम ठेवलेली आहे. त्याचे काम रस्टच्या कंपायलरचा मजकूर एकदा मशीन कोडपर्यंत पोहोचवणे एवढेच आहे. तो मजकूर बिनचूक आहे हे आधीच ठाऊक असल्याने चुका शोधण्याची जबाबदारी त्याच्यावर नसते. वाट मोकळी ठेवण्यासाठी लागणारा दुसरा कंपायलर मूळ कंपायलरच्या तुलनेत कितीतरी लहान असू शकतो, हे यावरून ध्यानात येते. झिग या भाषेच्या गटाने याच कल्पनेचे वेगळे रूप वापरले. डिसेंबर २०२२ मध्ये त्यांनी सी प्लस प्लसमधला जुना कंपायलर काढून टाकला, पण नव्या कंपायलरचे वेबअसेम्ब्लीत, म्हणजे कोणत्याही एका प्रोसेसरला न बांधलेल्या कोडमध्ये, उतरवलेले एक रूप सोर्स कोडसोबतच ठेवले आणि त्या रूपाचे सीमध्ये रूपांतर करणारा एक छोटा सी प्रोग्रॅमही जोडला. परिणामी कोणत्याही संगणकावर नुसता सीचा कंपायलर असला तरी झिग बांधता येतो. अर्थात ती वेबअसेम्ब्ली फाइल माणसाने लिहिलेली नसल्याने विश्वासाचा प्रश्न तिथे पूर्ण सुटत नाही, गैरसोयीचा मात्र सुटतो.

नवी भाषा घडवणाऱ्याला माझा सल्ला विचारला, तर पहिला कंपायलर ज्या भाषेत सर्वांत लवकर आणि स्वच्छ लिहिता येईल त्या भाषेत लिहावा, व्याकरण हलायचे थांबेपर्यंत त्याला हात लावू नये, आणि भाषेचे काम कंपायलरच्या कामाशी मिळतेजुळते असेल तरच पुढे सेल्फ-होस्टिंगचा विचार करावा, असे मी म्हणेन. ते केले तरी पहिला कंपायलर मोडीत काढू नये. गोच्या गटाच्या हाती अगदी सुरुवातीपासून दोन कंपायलर होते, एक त्यांचा स्वतःचा आणि दुसरा जीसीसीच्या पोटात बसवलेला, सी प्लस प्लसमध्ये स्वतंत्रपणे लिहिलेला जीसीसीगो. दोन्ही एकाच नियमपुस्तिकेवरून घडत असल्याने, एकच प्रोग्रॅम दोघांनी वेगवेगळा समजून घेतला की नियमपुस्तिकेत कोठे संदिग्धता आहे ते कळत असे. आणि १.५ आवृत्तीने सी सोडून गोचा आश्रय घेतला, तेव्हा ती आवृत्ती बांधायला आधीची गो १.४ तर चालत होतीच, शिवाय जीसीसीच्या पाचव्या आवृत्तीतला जीसीसीगोही चालत होता.